विज्ञान आणि आपण : आरंभ न विसरणारे अणू

रात्री निजण्यापूर्वी घरातील मुलासाठी आपण दुधाचा पेला भरतो, त्यात चमचाभर साखर टाकतो आणि ढवळतो. पहिल्या क्षणी साखर ज्या बाजूस पडली असेल ती बाजू अधिक गोड असते. परंतु चमच्याचे दहाबारा फेरे झाले की सारा पेला सारखाच गोड लागतो. साखर डावीकडे पडली होती की उजवीकडे, हे त्यानंतर कितीही चतुर माणसाला त्या दुधाकडून काढून घेता यावयाचे नाही. चमचा उलट दिशेने फिरवून पाहावा, तरीही साखर पुन्हा एका बाजूस गोळा होत नाही. दूध आपला आरंभ विसरलेले असते.

हा विसर आपल्या भोवती सर्वत्र आहे. उदबत्तीचा धूर प्रथम एका रेषेत चढतो आणि थोड्याच वेळात खोलीभर पसरून हरवतो. उन्हातून आणलेला तांब्याचा गडू माजघरात ठेवला की तासाभरात माजघराइतकाच थंड होतो. तो उन्हात होता याची खूण त्याच्यापाशी उरत नाही. वस्तू हलवावी, ढवळावी, ठोकावी; ती तापते, मिसळते आणि आपला पूर्वेतिहास विसरते. हा सृष्टीचा अटळ नियमच आहे असे आपण धरून चालतो, आणि पदार्थविज्ञानातील उष्णतेचे शास्त्रही बव्हंशी याच गृहीतावर उभे आहे.

परंतु हे गृहीत सर्वत्र खरे आहे काय? एखादी वस्तू वारंवार ठोके खाऊनही आपला आरंभ स्मरणात ठेवील, असे होऊ शकेल काय? गेली जवळजवळ पन्नास वर्षे काही पदार्थवैज्ञानिक हा प्रश्न विचारीत आले आहेत, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांना निसर्गात कोठेही आढळत नाही इतका थंड वायू आपल्या हातांनी निर्माण करावा लागला. त्या शोधाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

उलटी सायकल

प्रथम विसर कसा पडतो ते पाहू. कॅरमचा डाव आपण सर्वांनीच मांडला आहे. मधोमध रचलेल्या सोंगट्या पहिल्या फटक्याने फोडताना स्ट्रायकर केसाएवढा इकडे की तिकडे लागला, यावर पुढचे सारे चित्र अवलंबून असते. पहिल्या सोंगटीच्या वाटेत पडलेला केसभर फरक दुसऱ्या सोंगटीवर आदळताना बोटभर होतो आणि तिसरीवर आदळताना त्याचा वीतभर होतो. प्रत्येक सोंगटी न्यूटनचे नियम तंतोतंत पाळीत असते; तरीही एकदा झालेली फोड पुन्हा हुबेहूब तशीच करून दाखविणे उत्तम खेळाडूलाही साधत नाही. नियम काटेकोर, पण परिणाम मात्र सांगता न येण्याजोगा, अशा या स्थितीला शास्त्रज्ञ ‘केऑस’ म्हणतात. आपण तिला अव्यवस्था म्हणू. ही अव्यवस्था नियम मोडल्याने होत नाही. लहान फरक झपाट्याने मोठे होत गेल्याने ती होते, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

आता कॅरमपेक्षाही सोपे एक उदाहरण घेऊ, कारण पुढील सर्व कथा त्याच्याभोवती फिरणार आहे. अंगणात एक सायकल उलटी करून, म्हणजे बैठक व दांडी जमिनीला टेकवून उभी करावी. तिचे पुढचे चाक मोकळे फिरते. चाकाच्या कडेला एका जागी तांबडी चिंधी बांधावी, आणि वंगण इतके उत्तम आहे की घर्षण मुळीच नाही असे समजावे. आता दर सेकंदास एकदा, त्या चिंधीवर वरून खाली असा एकसारख्या जोराचा एक टोला द्यावयाचा. चिंधी त्या क्षणी उजव्या बाजूस असेल तर टोल्याने चाक एका दिशेस रेटले जाईल. डाव्या बाजूस असेल तर उलट दिशेस. आणि नेमकी माथ्यावर किंवा तळाशी असेल तर टोला वाया जाईल.

टोले हलके असतील तर चाकाची गती ठराविक मर्यादेतच कमीअधिक होत राहते. पण टोल्याचा जोर एका विवक्षित प्रमाणाच्या पुढे गेला, की दोन टोल्यांच्या मध्ये चाक इतके फिरून जाते की पुढच्या टोल्याच्या वेळी चिंधी कोठे असेल याचा अंदाज बांधता येत नाही. मग प्रत्येक टोला म्हणजे नाणे उडविण्यासारखेच होते. कधी गती वाढते, कधी घटते. नाणे उडवून छाप आल्यास एक पाऊल पुढे आणि काटा आल्यास एक पाऊल मागे, असे जो मनुष्य चालेल तो शंभर पावलांनंतर सामान्यतः दहाएक पावलांच्या अंतरावर सापडतो, आणि दहा हजार पावलांनंतर शंभरएक पावलांच्या अंतरावर. चाकाच्या गतीचेही तसेच होते. आणि ऊर्जा ही गतीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने सरासरी ऊर्जा टोल्यांच्या संख्येबरोबर सारखी वाढतच जाते. चाक, म्हणावयाचे तर, तापत जाते. आणि आरंभी त्याची गती काय होती हे विसरून जाते. दुधातील साखरेचीच ही दुसरी तऱ्हा होय.

कोमो येथील कोडे

१९७७ साली इटलीतील कोमो या सरोवरकाठच्या नगरीत एक परिषद भरली होती. तेथे चार शास्त्रज्ञांनी मिळून एक निबंध मांडला. त्यांपैकी ज्युलिओ कझाती हे इटलीचे, बोरिस चिरिकोव्ह व फेलिक्स इझ्राइलेव्ह हे सोव्हिएट संघातील नोव्होसिबिर्स्कचे, आणि जोसेफ फोर्ड हे अमेरिकेचे. शीतयुद्धाच्या त्या काळात अशा तीन देशांतील माणसांनी एका चाकासाठी एकत्र बसावे, हीच एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

त्यांनी विचारलेला प्रश्न असा. सायकलचे चाक न्यूटनचे नियम पाळते. परंतु ते चाक जर अणूएवढे लहान असेल, तर त्याला पुंजयामिकीचे, म्हणजेच क्वांटम मेकॅनिक्सचे, नियम पाळावे लागतील. मग त्या चिमुकल्या चाकाला टोले दिल्यास काय घडेल? त्यांनी संगणकावर गणित मांडले. आरंभीचे काही टोले चिमुकले चाक मोठ्या चाकाप्रमाणेच वागले. त्याची ऊर्जा वाढत गेली. पण काही टोल्यांनंतर ही वाढ मंदावली आणि जवळजवळ थांबली! टोले चालूच होते. त्यांचा जोरही तोच होता. चाक मात्र अधिक तापावयास तयार नव्हते.

हे का व्हावे, याचा उलगडा १९८२ साली श्मुएल फिशमन, डॅनिएल ग्रेम्पेल आणि रिचर्ड प्रँज यांनी केला. तो समजण्यासाठी एकच गोष्ट मान्य करावी लागते, ती ही की अणू हा केवळ कण नसून तो तरंगासारखाही वागतो. अणूच्या जगात गती वाटेल त्या मापाने बदलत नाही; शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे ठराविक टप्प्यांनीच ती बदलते. एक टोला बसला की अणूचा तरंग शिडीच्या एकाच पायरीवर न राहता वरखालच्या अनेक पायऱ्यांवर एकाच वेळी पसरतो. दोन टोल्यांच्या मधल्या वेळात प्रत्येक पायरीवरील तरंग आपापल्या तालात पुढे सरकतो. पुढचा टोला बसला की हे सारे तरंग पुन्हा एकमेकांत मिसळतात.

तळ्यात दोन खडे टाकले असता जेथे उंचवट्यावर उंचवटा येतो तेथे लाट वाढते, आणि जेथे उंचवट्यावर खळगा येतो तेथे पाणी स्तब्ध राहते, हे आपण पाहिलेच असेल. गतीच्या शिडीवरही तोच प्रकार घडतो. दूरच्या पायऱ्यांवर असंख्य वाटांनी पोहोचणारे तरंग एकमेकांना पुसून टाकतात. आरंभाच्या पायरीजवळचे मात्र टिकून राहतात. अणू शिडीवर फार वर चढू शकत नाही, कारण त्याच्याच तरंगांनी त्याला आरंभाजवळ बांधून ठेवलेले असते. शास्त्रज्ञांनी या घटनेस जे नाव दिले आहे त्याचे मराठी रूप ‘स्थानबद्धता’ असेच करावे लागेल. राजबंद्यांच्या संदर्भात आपणांस परिचित असलेला हा शब्द येथेही चपखल बसतो, फरक इतकाच की येथे बंदी आणि पहारेकरी एकच आहेत.

अशुद्ध धातूमध्ये विजेचे कण अडकून पडतात हे फिलिप अँडरसन यांनी १९५८ साली दाखविले होते, व १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्यांत तेही होते. फिशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की टोले खाणाऱ्या चाकाचे गणित आणि अँडरसनच्या धातूचे गणित हे मुळात एकच आहे.

बशीतला चहा आणि शून्याजवळचा वायू

कागदावर हे सारे सुंदर होते. पण अणूएवढे चाक आणावयाचे कोठून? घरातील हवेचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर या वेगाने धावत असतात. अशा धावपळीत अणूचे तरंगरूप इतके आखूड असते की ते अणूच्या आकारापेक्षाही लहान भरते आणि त्याचा मागमूस लागत नाही. वेग जसजसा कमी व्हावा तसतसा तरंग लांब होतो. म्हणून वायू थंड करणे, अतिशय थंड करणे, हाच एक उपाय होता.

थंडीला खालची सीमा आहे. ती शून्याखाली २७३.१५ अंश सेल्सियस ही होय, आणि तिला निरपेक्ष शून्य म्हणतात. ताऱ्यांमधील रिकामे अवकाशसुद्धा या सीमेच्या सुमारे पावणेतीन अंश वरच असते. अणूंना त्याहूनही खाली नेण्याची किमया लेसरच्या प्रकाशाने साधली. प्रकाशाचा प्रत्येक कण अणूवर आदळताना त्याला अगदी हलका धक्का देतो. रुबिडियमच्या अणूचा वेग एका धक्क्याने सेकंदाला केवळ ६ मिलिमीटरांच्या आसपास बदलतो. लेसरचा रंग असा नेमका निवडतात की समोरून येणाऱ्या अणूंनाच हे धक्के अधिक बसावेत. सुमारे पन्नास हजार धक्के लागले की धावता अणू जवळजवळ थबकतो. आणि लेसर हे काम डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पुरे करतो. याबद्दल स्टीव्हन चू, क्लोद कोएन-तानूजी आणि विल्यम फिलिप्स यांना १९९७ सालचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

याच्याही पुढची थंडी गाठण्यासाठी जी युक्ती वापरतात ती मात्र आपल्या घरोघरी ठाऊक आहे. कढत चहा आपण बशीत ओततो. त्यातील सर्वांत चपळ, म्हणजे सर्वांत तप्त, रेणू वाफेच्या रूपाने निघून जातात आणि मागे उरलेला चहा निवतो. चुंबकीय क्षेत्रात कोंडलेल्या अणूंपैकी सर्वांत चपळ अणूंना अशीच वाट मोकळी करून दिली की उरलेला वायू निवत जातो. ५ जून १९९५ रोजी अमेरिकेतील बोल्डर येथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी या रीतीने रुबिडियमचा वायू निरपेक्ष शून्यापासून एका अंशाच्या कोट्यंशाहून थोड्याच अधिक अंतरापर्यंत, म्हणजे १७० नॅनोकेल्विनपर्यंत, आणला. तेव्हा सुमारे दोन हजार अणूंचे तरंग एकमेकांत मिसळून एकच तरंग झाला. ढाका विद्यापीठात शिकविणारे आपले सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली आइन्स्टाइनला जो निबंध पाठविला होता, त्यातूनच आइन्स्टाइनने अशा अवस्थेचे भाकीत केले होते. ते खरे ठरण्यास सत्तर वर्षे लागली. बोस मात्र १९७४ सालीच निवर्तले होते.

पन्हळी पत्र्यावरील चाक

आता चाकाकडे परत वळू. थंड अणूंपासून चाक कसे बनवावे? समोरासमोर ठेवलेल्या दोन लेसर किरणांची भेट घडविली की मधल्या जागेत प्रकाशाच्या स्थिर लाटा उभ्या राहतात. जणू प्रकाशाचा एक पन्हळी पत्राच. हा पत्रा क्षणभर लावावयाचा आणि विझवावयाचा. ज्या क्षणी तो लागतो त्या क्षणी उतारावर असलेला अणू उताराच्या दिशेने ढकलला जातो. जो नेमका माथ्यावर किंवा तळाशी असेल त्याला धक्काच बसत नाही. आपल्या चिंधीसारखेच हे झाले. पन्हळीच्या एका घडीवरून दुसरीवर जाणे म्हणजे चाकाचा एक पूर्ण फेरा. पत्रा ठराविक अंतराने लावीत राहिले की अणूला एकसारखे टोले बसत राहतात.

१९९५ साली अमेरिकेतील ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात मार्क रायझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरने थंड केलेल्या सोडियमच्या अणूंवर हाच प्रयोग केला. कोमोच्या परिषदेनंतर अठरा वर्षांनी प्रथमच त्या संगणकातील चाकाला देह मिळाला. टोले देऊन झाल्यावर अणूंना मोकळे सोडले आणि ते किती दूर पसरतात यावरून त्यांची गती मोजली. आरंभी ऊर्जा वाढली, आणि नंतर थांबली. गतीच्या आलेखाचा आकारही बदलला. विसरणाऱ्या चाकाच्या बाबतीत तो घंटेसारखा गोलाकार असावयास हवा होता. प्रत्यक्षात तो मधोमध टोकदार आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारा असा आला. ती टोकदार शिखा म्हणजेच अणूंनी आपला आरंभ न विसरल्याची खूण होती. पुढे २००८ साली फ्रान्समधील लील येथे सीझियमच्या अणूंवर टोल्यांचा अधिक गुंतागुंतीचा क्रम योजून अँडरसनच्या धातूतील बंदिस्त आणि मुक्त या दोन्ही अवस्था, आणि त्यांमधील सीमारेषासुद्धा, प्रयोगाने दाखविण्यात आली.

स्मृती कशाने जाते?

येथे सुज्ञ वाचक विचारतील : अणू जर इतके स्मरणशील असतील, तर अणूंचेच बनलेले दूध आपली साखर का विसरते? प्रश्न अगदी योग्य आहे, आणि आजच्या लेखाचा गाभा तोच आहे.

उत्तराचा पहिला भाग १९९८ साली मिळाला. ऑस्टिन येथे आणि न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे स्वतंत्रपणे केलेल्या प्रयोगांत शास्त्रज्ञांनी अणूंना मुद्दाम त्रास दिला. टोल्यांच्या जोरात वेडेवाकडे चढउतार केले, किंवा अणूंवर अधूनमधून भलताच प्रकाशकण आदळू दिला. तत्काळ स्थानबद्धता ढासळली आणि ऊर्जा पुन्हा वाढू लागली. तरंगांनी एकमेकांना पुसून टाकावे यासाठी त्यांचा ताल बिनचूक जुळावा लागतो. बाहेरच्या गडबडीने तो ताल चुकला की कैदी सुटतो. म्हणजे अणूची स्मृती टोल्यांनी जात नाही. ती जाते अनियमित, अनोळखी, बाहेरून येणाऱ्या धक्क्यांनी. दुधाच्या पेल्याभोवती हवा आहे, उजेड आहे, पेल्याच्या भिंतींची कंपने आहेत. तेथे क्षणभरही एकांत नाही.

या संदर्भात महाराष्ट्रातील वाचकांना आनंद वाटावा अशी एक हकीकत आहे. पुण्याच्या पाषाण भागातील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजे ‘आयसर’मध्ये, उमाकांत रापोल आणि एम. एस. संथानम यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह अतिशीत रुबिडियम अणूंवर हाच टोल्यांचा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध केले. त्यांचा प्रश्न अधिक सूक्ष्म होता. विसर पडतो हे खरे, पण तो कोणत्या चालीने पडतो? सामान्यतः तो असा पडतो, की दर क्षणी उरलेल्या स्मृतीचा ठराविक हिस्सा नाहीसा होतो, आणि पाहता पाहता सारे संपते. पुण्याच्या प्रयोगात व्यत्यय आणण्याची वेळ अशा नियमाने ठरविली, की दोन व्यत्ययांतील अंतर बहुधा लहान असावे, पण केव्हा केव्हा फारच दीर्घ असावे. तेव्हा स्मृती त्या सरधोपट चालीने न जाता अधिक रेंगाळत गेली, आणि ऊर्जाही धिम्या गतीने वाढली. एकूण व्यत्यय किती झाले याबरोबरच ते कसे विखुरलेले आहेत, यावरही विसर अवलंबून असतो, असे त्यातून दिसले. घरात अधूनमधून दीर्घ शांतता लाभली तर अभ्यास करणाऱ्या मुलाचे पाठांतर टिकते, हे आपल्या अनुभवाशी जुळणारेच आहे. फक्त अणूंच्या बाबतीत ते मोजून सिद्ध करावे लागले.

अणूंचा मेळावा

उत्तराचा दुसरा भाग अधिक कठीण आहे. आतापर्यंतच्या प्रयोगांत प्रत्येक अणू जणू एकटाच होता. शेजाऱ्याशी त्याचा संबंध नगण्य. परंतु दुधात, धातूत आणि आपल्या शरीरातही अणू एकमेकांस ढकलीत, ओढीत असतात. बाहेरची गडबड पूर्णपणे बंद केली, तरी आपसांतील या देवाणघेवाणीनेच विसर पडेल काय?

याबाबत पहिला धक्का २००६ साली बसला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तोशिया किनोशिता, ट्रेव्हर वेंगर आणि डेव्हिड वाइस यांनी रुबिडियमचे अणू प्रकाशाच्या अतिशय अरुंद नळ्यांत एका ओळीत बसविले आणि त्यांचे दोन गट समोरासमोर आदळविले. नळीत बाजूला सरकण्यास जागा नसल्याने प्रत्येक फेरीत अणू एकमेकांवर आदळणे भागच होते. अशा हजारो टकरी झाल्या; तरीही दोन्ही गटांची गती मिसळून एक झाली नाही. दूध ढवळीत राहावे आणि साखर एका बाजूसच राहावी, असाच हा प्रकार!

मग टोले खाणाऱ्या अणूंचे काय? २०२२ साली अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांनी एकाच सुमारास निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिॲटल येथे सुभदीप गुप्ता यांच्या गटाने यटर्बियम, तर सांता बार्बरा येथे डेव्हिड वेल्ड यांच्या गटाने लिथियम वापरले होते. दोघांनाही आढळले, की अणूंमध्ये परस्परक्रिया असेल तर स्थानबद्धता मोडते आणि ऊर्जा पुन्हा वाढू लागते. मात्र ती सायकलच्या चाकाप्रमाणे सरळ न वाढता रडतखडत वाढते. त्यावरून असे वाटले, की मेळाव्यात स्मृती हळूहळू का होईना पण जातेच.

परंतु २०२५ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे हान्स-क्रिस्टोफ नेगर्ल यांच्या गटाने अरुंद नळ्यांत बसविलेल्या, परस्परांशी जोराने ढकलाढकल करणाऱ्या अणूंना टोले दिले, आणि काही काळानंतर त्यांची ऊर्जा वाढावयाची थांबली. मेळावा असूनही आरंभाची आठवण टिकून राहिली. टोल्यांच्या क्रमात थोडीशी अनियमितता मिसळताच मात्र ती गेली. म्हणजे अणू एकमेकांना धरून असतानाही त्यांचा ताल टिकू शकतो, निदान त्या परिस्थितीत आणि तितका वेळ. फार दीर्घ काळ टोले देत राहिल्यास काय होईल, नळ्यांऐवजी मोकळ्या जागेत काय होईल, आणि २०२२ व २०२५ च्या निष्कर्षांमधील सीमारेषा नेमकी कोठे आहे, यांविषयी अद्याप एकमत झालेले नाही.

याचा आम्हांस उपयोग काय, असा प्रश्न घरातील व्यवहारी माणूस करील, आणि तो करण्याचा त्याला अधिकार आहे. क्वांटम संगणक बनविण्याची खटपट आज जगभर चालू आहे. अशा यंत्रात एकमेकांशी संबंध असलेल्या अनेक सूक्ष्म घटकांना लेसरचे किंवा विद्युल्लहरींचे टोले एकामागून एक देऊनच गणित सोडवावयाचे असते. त्या टोल्यांनी घटक तापले आणि आपली अवस्था विसरले तर गणित फुकट गेले. तेव्हा टोले खाऊनही न विसरण्याची अट कोणती, हे ठाऊक असणे त्या कारागिरांना अत्यावश्यक आहे. परंतु एवढ्या उपयोगापुरताच हा प्रश्न मर्यादित नाही. उन्हातला गडू निवतो, धूर पसरतो, साखर विरघळते, या गोष्टी अमुक कारणाने घडतात असे आपण शंभराहून अधिक वर्षे मुलांना शिकवीत आलो. त्या घडतात हे खरेच आहे. मात्र त्या का घडतात याचे उत्तर आपल्याला वाटले होते तितके पुरे नव्हते, हे या मूठभर थंड अणूंनी दाखवून दिले आहे.

आज रात्री दुधात साखर ढवळताना, वाचकहो, आपल्या मुलास एकदा विचारून पाहा : चमचा उलटा फिरविला तर साखर परत का येत नाही? तो जे उत्तर देईल ते पुरते ऐकून घ्या आणि लगेच त्याला बरोबर किंवा चूक म्हणू नका. पुण्यात आणि इन्सब्रुकमध्ये अजून त्याच प्रश्नावर काम चालू आहे.